आषाढात पेरा, माघात तोडा: मुंबईच्या घरात जहाल मिरची, बियांपासून

माझ्या पहिल्या कॅरोलिना रीपर मिरचीला मे महिन्यात 42 फुलं आली आणि 42 च्या 42 गळाली. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आमची दक्षिणेकडची गॅलरी आहे. रोज सकाळी तिथल्या लादीवर तीन-चार फुलं देठासकट पडलेली असायची. फूल ताजं, देठ मात्र पिवळा पडून सांध्यातून सुटलेला. पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, खत बदललं. गळ थांबली नाही, कारण चूक पाच महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती. पाकिटावर लिहिलं होतं म्हणून मी जानेवारीत बी पेरलं होतं.

ते वेळापत्रक बर्फ पडणाऱ्या मुलखाचं आहे. तिथे हिवाळ्यात घरात, तळाला गरम चटई ठेवून रोपं करतात, थंडी सरली की बाहेर काढतात आणि उन्हाळाभर मिरच्या तोडतात. आपल्याकडे ऊब बारा महिने फुकट आहे. या अतिजहाल मिरच्या बहुतेक कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीतल्या किंवा तिच्या संकरातून आलेल्या. त्यांचं बी उबेत रुजतं, पण फूल धरायला रात्र थोडी थंड लागते. रात्रीचा पारा 25 अंशांच्या खाली उतरेनासा झाला की परागकण निकामी होऊ लागतात आणि झाड फूल टाकून देतं. मुंबईत मेमध्ये रात्रीसुद्धा 26-27 अंश असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मात्र रात्र 17 ते 21 अंशांवर येते. झाडाला फुलं यायला हवीत ती याच साडेतीन महिन्यांत.

म्हणून हिशोब फुलापासून मागे करायचा. बी रुजायला दोन ते चार आठवडे, कधी सहासुद्धा. तिथून पहिल्या फुलापर्यंत साडेतीन-चार महिने. फूल धरल्यावर फळ लाल व्हायला आणखी दीड-दोन महिने. आषाढात, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरलं, तर गणपतीत तळहाताएवढी रोपं, घटस्थापनेला मोठी कुंडी, दिवाळीनंतर फुलं, संक्रांतीला हिरवी फळं आणि माघात लाल मिरच्या. गेली काही वर्षं मी हेच वेळापत्रक पाळतो आहे.

कोणती मिरची घ्यायची

पहिल्या वर्षी भूत झोलकिया घ्या. ती आसाम-नागालँडच्या दमट हवेतली आहे, त्यामुळे मुंबईचा पावसाळा तिला परका नाही. 2007 मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली तेव्हा मोजमाप 10 लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर गेलं होतं. नागालँडच्या ‘नागा मिर्चा’ला 2008 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कॅरोलिना रीपर तिच्या पुढची. 2013 मध्ये विक्रम तिच्या नावावर गेला आणि नंतरच्या नोंदीत सरासरी 16,41,183 स्कोव्हिल भरली. तीही मुंबईत होते, पण जरा हट्टी आहे. 2023 पासून विक्रम ‘पेपर एक्स’कडे आहे, 26,93,000 स्कोव्हिलसह. तिचं बी तिच्या निर्मात्याने विक्रीला काढलेलंच नाही. कोणी ‘पेपर एक्सचं अस्सल बी’ म्हणून देत असेल तर पैसे देऊ नका.

बियांच्या बाबतीत मी एकदा पुरता फसलो आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘रीपर’ म्हणून आणलेल्या पाकिटातून सहा महिन्यांनी साधी लांबट हिरवी मिरची निघाली. पैसे थोडेच गेले होते, हंगाम मात्र अख्खा गेला. तेव्हापासून फुलोऱ्यालाच ओळख पटवून घेतो. आपल्या नेहमीच्या मिरचीला पानाच्या बेचक्यात बहुधा एकच पांढरंशुभ्र फूल येतं. चायनेन्सला त्याच बेचक्यात दोन-तीन, कधी चार-पाच फुलं झुबक्याने लटकतात आणि त्यांचा पांढरा रंग हिरवटसर असतो. फळ धरलं की देठ आणि टोपी जुळतात तिथे बोटाने चाचपून पाहा, अंगठीसारखी बारीक आवळण लागते. या दोन्ही खुणा नसतील तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, झाडावरची मिरची वेगळी आहे.

आसामहून कोणी येणार असेल तर पिकलेली ताजी फळं मागवा, त्यातलं बी सर्वांत चांगलं. धुरावर वाळवलेल्या मिरचीचं बी बहुतेक वेळा रुजत नाही.

बी रुजवणं

चांगलं बी फिकट पिवळं, चपटं आणि मधे किंचित फुगीर असतं. काळपट किंवा कागदासारखं पातळ दिसलं तर बाजूला काढा. कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळा, बिया त्यावर एकमेकींपासून लांब ठेवून घडी घाला आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. कागद ओलसर हवा, डब्याच्या तळाला पाणी साठता कामा नये. बुडालेलं बी कुजतं.

रुजायला 27 ते 30 अंश हवेत. जुलैत मुंबईच्या घरात दिवसरात्र जवळपास तेवढेच असतात, म्हणून गरम चटईचा खर्च करू नका. फक्त डबा एसीच्या खोलीत ठेवू नका. 23 अंशांवर हेच बी महिनाभर ढिम्म राहतं. दर दोन दिवसांनी झाकण उघडून हवा द्या आणि पाहा. आठव्या दिवसानंतर केव्हाही बियेच्या टोकातून पांढरा कोंब डोकावतो. तो अर्धा सेंटिमीटर झाला की मातीत न्यायचा. जास्त थांबलात तर मूळ कागदात शिरतं आणि सोडवताना तुटतं. तीन आठवड्यांत काहीच झालं नाही म्हणून बिया फेकू नका. माझी एक रीपर चौतिसाव्या दिवशी रुजली आणि त्या वर्षीचं तेच सर्वांत चांगलं झाड झालं.

रोपांसाठी मी चहाच्या टपरीवर मिळतात ते कागदी पेले वापरतो, जरा मोठ्या मापाचे, तळाला चार भोकं पाडून. भरायला दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). कोकोपीटची वीट भिजवल्यावर आधी चांगली धुवा. नारळाच्या सोडणात मीठ असतं आणि ते कोवळ्या मुळांना जाळतं. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं. तीन-चारदा धुवून पाणी फिकट झालं की पिळून घ्या. शेवटी किलोभर मिश्रणाला चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. ही एक भुकटी पुढच्या अर्ध्या अडचणी टाळते. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, कोंब खाली करून ठेवा आणि वर माती भुरभुरवा, दाबू नका.

दोन-चार दिवसांत वाकलेल्या आकड्यासारखा देठ वर येतो, मग हळूहळू सरळ होतो. कधी बियेचं टरफल दोन्ही बीजपत्रांना चिकटून टोपीसारखं डोक्यावर राहतं. ओढून काढू नका, बीजपत्रंच तुटतात. टोपीवर पाण्याचा एक थेंब ठेवा, तासाभराने पुन्हा एक. संध्याकाळपर्यंत ती मऊ होते आणि सुईच्या टोकाने अलगद सुटते.

पावसाळ्यातले दोन महिने

मुंबईतली बहुतेक रोपं इथेच जातात. काल टवटवीत असलेलं रोप आज आडवं दिसतं. जवळून पाहिलं तर मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, तपकिरी, पाणी भरल्यासारखा. वरची पानं मात्र अजून हिरवी. ही रोपमर. मातीतल्या बुरशीमुळे होते आणि एकदा देठ बसला की ते रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची तर तो पेला लगेच उचलून घराबाहेर काढा. जुलै-ऑगस्टच्या दमट, कोंदट हवेत या बुरशीला ओली माती मिळाली की एवढंच पुरतं.

उपाय दोन, पाणी कमी आणि वारा जास्त. पाणी वरून कधी घालू नका. पसरट ताटात बोटभर पाणी घेऊन पेले दहा मिनिटं त्यात ठेवा, मग उचलून निथळा. पुन्हा पाणी केव्हा द्यायचं ते पेला सांगतो. उचलल्यावर रिकाम्यासारखा हलका लागला की द्या. वरची माती पाहून ठरवू नका, ती फसवते. पावसाळ्यात चार-पाच दिवसही लागू शकतात. आणि एक छोटा टेबल पंखा सर्वांत कमी वेगावर, रोपं नुसती डोलतील इतक्या अंतरावर दिवसातून काही तास ठेवा. त्याने माती वरून कोरडी राहते, देठही जाड होतात.

आता उजेड. जुलैत ढगांमुळे खिडकीत बसूनही रोपं उजेडासाठी लांबडी होतात, पहिल्याच पावसात मान टाकतील इतकी. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, मुंबईच्या दोन शून्य सावलीच्या दिवसांच्या मधल्या काळात, दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेकडच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरतच नाही. म्हणून ट्यूबलाइट लावायची. ‘ग्रो लाइट’ नावाचे जांभळे दिवे घेण्याची गरज नाही. लोहार चाळीत किंवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या चार फुटी, 20 वॉटच्या, पांढऱ्या उजेडाच्या (पाकिटावर 6500 के) दोन एलईडी ट्यूब बास होतात. पुस्तकांच्या कप्प्याच्या वरच्या फळीखाली बसवा आणि रोपांच्या शेंड्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर ठेवा. रोपं वाढतील तसे पेल्यांखालचे ठोकळे काढत जा. दिवसाला 14 तास, टायमरवर. दोन ट्यूबचे महिन्याला साधारण 17 युनिट होतात.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर पहिलं खत द्या, त्याआधी गांडूळखतातलं पुरतं. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. ऑगस्टच्या मध्यावर पेल्याच्या भोकांतून पांढरी मुळं दिसू लागली की सहा इंची कुंडीत हलवा. शेंडा खुडावा असं बरेच जण सांगतात. मी खुडत नाही. चायनेन्स आपणहून फांद्या फोडते आणि आपल्या छोट्या हंगामातले दोन आठवडे खुडण्यात घालवणं मला परवडत नाही.

कुंड्यांखालच्या बश्या पावसाळ्यात काढूनच टाका, नाहीतर रोज पुसा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरी येऊन बश्या तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. ते योग्यच आहे.

मोठी कुंडी आणि ऊन

नवरात्राच्या सुमारास झाडं वीत-दीड वीत झालेली असतात. आता 12 इंची कुंडी किंवा 15 ते 20 लिटरची ग्रो बॅग. एक भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, दोन मुठी निंबोळी पेंड. भिजलेली अशी कुंडी चांगलीच जड होते. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर आधी ग्रिल किती जुनी आहे, गंजली आहे का, ते पाहा आणि कुंडी तारेने बांधा. खाली माणसं चालतात.

ऑक्टोबरचं ऊन कडक. घरातल्या उजेडात वाढलेली पानं त्यात एका दुपारी पांढरी पडून करपतात. पहिला आठवडा फक्त सकाळी नऊपर्यंतचं ऊन द्या, मग रोज अर्धा तास वाढवा. याच महिन्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेची गॅलरी भरून जाते. डिसेंबरात तर भर दुपारीही तो जेमतेम अर्ध्या आभाळावर असतो, ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी असेल तर पाच तास ऊन मिळालं तरी झाड फळं देतं, संख्या कमी. फक्त उत्तरेची खिडकी असेल तर ट्यूब काढू नका, चार लावा.

पाण्याबद्दल एवढंच: नळाचं पाणी तलावांचं आहे, चांगलं आहे. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं खारं पाणी येत असेल तर पानांच्या कडा तपकिरी होतात, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. अशांनी झाडांसाठी पिण्याचंच पाणी वापरावं.

बोकड्या

गडहिंग्लजला माझ्या आत्याकडे संकेश्वरी मिरची असायची. मुंबईत माझ्या झाडांची पानं वळली, ज्याला बोकड्या म्हणतात, तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, “अरे, बोकड्या म्हणून सोडू नको. पान कुठं वळलंय ते बघ. वर वळून होडीगत झालं तर फुलकिडं. खाली वळलं आणि देठ लांबला तर कोळी.” तिने सांगितलं ते तंतोतंत खरं आहे आणि औषध निवडताना त्यावरच सगळं अवलंबून असतं. फुलकिडे शेंड्याच्या कोवळ्या पानात लपतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की पिवळसर बारीक रेघा पळताना दिसतात. कोळी (माइट) तर नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही.

फुलकिड्यांना कडुलिंबाचं तेल लिटरला 5 मिली, सोबत साबणाचे थेंब, नीट घुसळून, संध्याकाळी, पानांच्या खालून. पाच दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. निळे चिकट कागद टांगा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे. कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण उन्हात नाही आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर किमान दोन आठवडे सोडून. दोन्ही जवळजवळ मारली तर पानं भाजतात, हा माझा अनुभव आहे. याशिवाय पांढरी माशी चुरडा-मुरडा विषाणू पसरवते. पानं बारीक, पिवळट, सुरकुतलेली आणि झाड खुजं राहिलं तर त्याला औषध नाही. उपटून पिशवीत बांधून टाका. जीवावर येतं, पण बाकीची झाडं वाचतात.

फूल ते फळ

ऑक्टोबरात आलेली फुलं गळतील, गळू द्या. नोव्हेंबरात 19:19:19 थांबवून 13:0:45 (नत्र कमी, पालाश जास्त) लिटरला 1 ग्रॅम, आणि एक आठवडा आड कॅल्शियम नायट्रेट तितकंच, वेगळ्या पाण्यात. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांत वाढतं.

मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण बंद घरात पराग हलवायला ना वारा ना मधमाशी. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फांदीला टिचकी मारा किंवा रंगाच्या मऊ ब्रशने फुलात हलकेच फिरवा. ब्रशला राखाडी-जांभळट पूड लागली की काम झालं. चार दिवसांत पाकळ्या सुकून गळतात, आणि देठ हिरवाच राहिला तर आत ज्वारीच्या दाण्याएवढी मिरची बसलेली असते. त्या क्षणासाठी मी सहा महिने थांबतो.

फळ पूर्ण लाल झाल्यावर आणखी तीन-चार दिवस झाडावर ठेवा, मग कात्रीने देठासकट कापा. इथून पुढे हातमोजे हवेतच, नायट्रिलचे. तिखटपणा बियांत नाही, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात तिथे कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. हाताला लागलं तर आधी गोडंतेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, दोनदा. डोळ्यांना हात नाही, लहान मुलांना फळ दिसेल अशा ठिकाणी ठेवणं नाही. तोंडात आग झाली तर दूध किंवा दही. तव्यावर भाजू नका. बंद फ्लॅटमध्ये एका मिरचीचा ठसका शेजाऱ्यांपर्यंत जातो. खाताना नखाएवढा तुकडा चार माणसांच्या ठेच्याला पुरतो. आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी तेवढाही खाऊ नये. उरलेल्या मिरच्या फ्रीझरमध्ये ठेवा, वर्षभर टिकतात. वाळवायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात, उभ्या दोन फाका करून. अख्ख्या ठेवल्या तर या मिरच्या आतून काळ्या बुरशीने भरतात.

झाड टाकू नका. मुंबईत पाळा पडत नाही, त्यामुळे ते तीन-चार वर्षं सहज जगतं. उन्हाळ्यात दुपारची सावली, पावसाळ्यात छपराखाली, आणि ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक फांदी दोन-तीन डोळे ठेवून छाटायची. दुसऱ्या वर्षी त्याला नव्या रोपाच्या महिनाभर आधी फुलं येतात.

बी धरायचं असेल तर गॅलरीत दुसरी मिरची आहे का ते आधी पाहा, कारण परागीकरण आपसांत होतं. दोन-तीन कळ्यांवर उमलण्याआधीच जाळीची छोटी पुरचुंडी बांधा, फळ धरल्यावर काढा आणि त्या देठाला रंगीत दोरा. ते फळ पूर्ण पिकलं की बी काढून सावलीत दहा दिवस वाळवा, सिलिका जेलच्या पुडीसकट छोट्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. बाटलीवर जात आणि तारीख लिहा, पेनाने नको, दमटपणात शाई पसरते. पेन्सिलीने लिहा.